दाजींची खुर्ची

आमच्या डेअरीच्या मालकांना सगळे नाना म्हणतात. नानांचा एका गोष्टीवर ठाम विश्वास होता. माणूस सरळ करायचा असेल तर त्याचा सत्कार करावा. रागावलं तर माणूस अडून बसतो, पोलिसात दिलं तर कायमचा वैरी होतो. पण एकदा डोक्यावर फेटा बांधला, गळ्यात हार घातला आणि चार लोकांसमोर चांगला म्हटलं, की त्याला चांगलं वागावंच लागतं, असं ते म्हणायचे.

हसू नका. पॅकिंग हॉलची सुपरवायझर म्हणून मी तिथं निम्मं आयुष्य घालवलं आहे आणि हा उपाय लागू पडताना माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. आमच्याकडची लाइट सारखी जायची. नानांनी लाइनमनला 'कर्तव्यदक्ष' ठरवून त्याचा सत्कार केला. तेव्हापासून तो आमच्या खांबाकडे पोटचं लेकरू असल्यासारखा बघायला लागला. एक शेतकरी दुधात पाणी घालायचा. नानांनी त्याला 'आदर्श दूध उत्पादक' करून टाकलं. बिचाऱ्याला त्या दिवसापासून बादली घेऊन आडाकडे जायचीही लाज वाटायची. ऑफिसातल्या कपाटाचा एक कप्पा शालींनी भरलेला असायचा. पनीरचा साठा एखाद्या दिवशी संपेल, शालींचा कधी संपायचा नाही.

या उपायाचा एकदा कसा बोजवारा उडाला, ते सांगायचं आहे. त्यात एका बाईची नोकरी आणि जीव, दोन्ही टांगणीला लागली होती. तेव्हा हसत सांगता येईल तेवढं हसत सांगते.

आमची डेअरी बीडच्या बाहेर, गेवराईकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे. सकाळी गावोगावच्या पिकअप गाड्या दुधाचे कॅन घेऊन येतात, ओट्याला लागतात, आणि प्रत्येक गाडीचं सॅम्पल लॅबमध्ये जातं. लॅबमध्ये एक मुलगी होती. मुलगी म्हणायची आपली आमची सवय, तिचं लेकरू पहिलीत होतं. दुधात फॅट किती ते काढायची, पाणी घातलंय का ते कळायला डिग्री बघायची आणि खिडकीतून आकडा सांगायची. आवाज बारीक, पण आकडा पक्का. तिचा नवरा आमच्याच कंत्राटावर तलवाड्याच्या रूटची गाडी चालवायचा. तो दूध आणणार आणि ती तपासणार. बाकीचे ड्रायव्हर त्याला डिवचायचे, "तुझं काय बे, घरचाच रिझल्ट!" तो मिशीतल्या मिशीत हसायचा. पण त्याचं दूध पातळ निघालं, तर ती पातळच सांगायची.

आता आमच्याकडची एक रीत सांगते, कारण सगळं घोडं तिथंच अडलं. एका ठिकाणी काम करणाऱ्या बाया एकमेकींच्या बहिणी होतात आणि बहिणीचा नवरा हा सगळ्यांचा दाजी. दाजी आला की खुर्ची द्यायची, चहा द्यायचा, "बरं हाय का दाजी?" विचारायचं. बाकीचे ड्रायव्हर ओट्यावर कॅनवर बसून बिड्या ओढायचे, दाजी मात्र थेट लॅबमध्ये. लॅबमध्ये चपला घालून जायला नानांनाही बंदी होती, पण दाजींच्या चपलांना कुणी हटकायचं नाही. कोपऱ्यात त्यांची प्लास्टिकची निळी खुर्ची ठरलेली. त्या खुर्चीवर बसून ते बायकोकडे बघत राहायचे. ती कुणाशी बोलते, कुणाकडे बघून हसते, किती वेळा बाहेर जाते. आम्ही हॉलमधल्या बाया म्हणायचो, "किती जीव लावतोय बाई!"

आणि फोन! ऑफिसात दाजींचा फोन आला की जो उचलेल तो सगळी बातमी द्यायचा. "आली का?" "आली की दाजी, जांभळी साडी नेसून आली." "कुठं हाय?" "आत्ता बाथरूमकडं गेली." "निघाली का?" "निघाली, नानांच्या जीपमध्ये पुढच्या शिटावर हाय." एखाद्या पोलिसाला जेवढी माहिती गावातून मिळत नाही, तेवढी आम्ही त्याला चहासोबत देत होतो. आणि वर समाधान, की पाहुण्यांशी आपण नीट वागलो.

तिची एक गोष्ट मला बुचकळ्यात टाकायची. पनीर ठेवायच्या कोल्ड रूमची ड्यूटी सगळ्यांना नको असते. हात गोठतात, नाक गळतं. पण ही बाई काही सकाळी स्वतःहून यायची, "आक्का, आज लॅबच्या आधी मी कोल्ड रूम बघते." मॅनेजर तिचं तोंडभरून कौतुक करायचे. एकदा क्रेट मोजायला मी आत गेले, तर ती भिंतीशी रचलेल्या पनीरच्या क्रेटला गाल टेकवून डोळे मिटून उभी होती. मला बघून दचकली. म्हणाली, "हितं बरं वाटतंय आक्का." गाल टम्म सुजलेला होता. मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. दोघींनाही कळलं होतं.

त्याच सुमारास पुण्याच्या एका मोठ्या कंपनीनं आमचं पनीर घ्यायचं ठरवलं आणि तपासणीला एक बाई पाठवली. त्यांनी ड्रेनेज पाहिलं, टोप्या पाहिल्या, बायांच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीचा बोर्ड पाहिला. त्या बोर्डावर ज्या मॅडमचं नाव होतं त्या सोडून जाऊन जमाना झाला होता. मग त्यांनी नानांना विचारलं, "तुमच्याकडच्या एखाद्या बाईला घरात मारहाण होत असेल, तर तुम्ही काय करता? काही धोरण आहे का?"

नाना खुशीत होते. म्हणाले, "मॅडम, आमच्याकडं समदं कुटुंबासारखं हाय."

बाई शांतपणे म्हणाल्या, "म्हणून तर विचारतेय."

मी दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. ट्रे हातात नसता तर टाळी दिली असती.

बाईंनी नमुन्याचं एक धोरण पाठवून दिलं. मॅनेजरनी त्याचं मराठी करून नोटीस बोर्डावर डकवलं. 'पीडित कर्मचाऱ्याने मनुष्यबळ विभागाशी संपर्क साधावा' असं त्यात पहिलंच वाक्य होतं. आमच्याकडचा मनुष्यबळ विभाग म्हणजे स्वतः मॅनेजर. तेच जनरेटरही सुरू करायचे. हॉलमधली मावशी आमच्यातली सगळ्यात जुनी. तिचं माहेर-सासर दोन्ही मेंढरं राखणारं, आवाज माळावरून हाक मारायचा. तिनं मला तो कागद वाचून दाखवायला लावला आणि विचारलं, "आक्का, पीडित म्हंजी कोन?"

"ज्याला त्रास होतोय तो."

"मग आपली लॅबवाली."

आजूबाजूच्या बायांनी माना खाली घालून पिशव्या भरायचा वेग वाढवला. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. माहीत नसलेला माणूस असा घाईनं कामाला लागत नाही.

ही गोष्ट नानांपर्यंत गेली. नाना वाईट माणूस नाहीत. त्यांना खरंच वाईट वाटलं. रात्रभर विचार करून सकाळी त्यांनी जाहीर केलं, "दोघांचा सत्कार करू. आदर्श जोडी!"

मंडप पडला. नारंगी फेटे आले. मॅनेजर सूत्रसंचालनाला, माइक त्यांच्या तोंडाला जवळजवळ चिकटलेला. आम्ही बाया पुढं, ड्रायव्हर लोक मागं. नाना बोलायला उभे राहिले. "ही जोडी बगा! ह्यो दूध आनतो, ती तपासती. संसार संसार म्हंत्यात त्यो ह्योच! ह्या मानसाच्या हातून कवा काय वावगं व्हनार न्हाई, ही माझी खात्री हाय." हे शेवटचं वाक्य त्यांनी दाजींच्या डोळ्यांत बघून म्हटलं. उपाय सगळा त्या वाक्यात होता. दाजींना फेटा बांधला. तिला साडी दिली. दोघांच्या हातात मिळून एक फ्रेम दिली. ती फ्रेम तिनं इतक्या कडेनं धरली होती, की फोटोत नुसती बोटं आली आहेत.

मग मॅनेजरनी दाजींना दोन शब्द बोलायची विनंती केली. दाजींनी घसा खाकरला. म्हणाले, "बायकूला पयल्यापासून धाकात ठिवलं, म्हनून आज ह्यो दिवस दिसला. समद्यांनी तसंच करावं."

आणि टाळ्या पडल्या! वाक्य संपलं की टाळ्या वाजवायची आमच्या हातांना सवय. नानांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं आणि डोळे तेवढे बदलले. माझ्या शेजारी मावशी म्हणाली, "आगं बया, ह्ये तर उलटंच झालं." पण सत्काराच्या मध्यात फेटा काढून घ्यायची पद्धत अजून कुणी काढलेली नाही. शेवटी पेढे वाटले.

पुढच्या आठवड्यात पिकअपच्या काचेवर तो फोटो चिकटलेला दिसला. खाली लाल अक्षरात 'आदर्श पती'. वाटेवरच्या हॉटेलांत त्याला फुकट चहा मिळायला लागला. लाइनमन सत्कारानं सुधारला, कारण त्याला आमच्याकडून चांगलं म्हणवून घ्यायचं होतं. या माणसाला बायकोला मारायला परवानगी हवी होती, आणि ती त्याला फ्रेममध्ये घालून मिळाली.

मग ती काही दिवस आलीच नाही. दाजींना विचारलं, तर ते खुर्चीवर बसून म्हणाले, "तब्येत बरी न्हाई तिची." आम्ही चहा दिला.

ती परत आली तेव्हा डाव्या हाताला पट्टी होती. दुपारी सॅम्पलच्या बाटल्या धुता धुता तिनं मला सगळं सांगितलं. ती लेकराला घेऊन माहेरी गेली होती. वडिलांनी मोबाइलवर सत्काराचा फोटो पाहिला होता. ते म्हणाले, "फेटा बांधल्याला मानूस हाय त्यो. मालकानं समद्यांम्होरं चांगला म्हनलाय. आन् तू काय सांगतीस?"

"आक्का," ती म्हणाली, "आदी मी खोटं बोलते आसं फकस्त सासूच म्हनायची. आता समदे म्हंत्यात."

मग ती बीडमध्ये आत्याकडे राहायला आली. लेकराचं नाव तिथल्याच शाळेत घातलं. एका वकीलबाईंना भेटून कोर्टात अर्जही केला. आत्याच्या घरापासून थोडं पुढं, एसटी स्टँडजवळ आमची जीप बायांना घ्यायला थांबते. दाजींनी ऑफिसात फोन केला. ऑफिसातल्या पोरानं नेहमीसारखी माहिती दिली, "आता ती स्टँडपासून चढती दाजी." दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी तिथं उभे. तिनं जीपच्या दांडीला धरलं होतं, त्यानं तोच पट्टीचा हात पिरगळला. सकाळची गर्दी होती, रिक्षावाले होते, क्लासला जाणारी पोरं होती. सगळे बघत होते. मावशी जीपमधून उतरली. हातात स्टीलचा डबा होता, तो तिनं उगारला आणि माळावरच्या आवाजात ओरडली, "सोड म्हनलं ना!" त्यानं सोडला. जाताना म्हणाला, "डेअरीत येतोच हाय. तिथं बगतो."

हे वाक्य मावशीनं नानांना जसंच्या तसं सांगितलं. त्याच दिवशी नानांच्या खोलीत आम्ही बसलो. नाना, मॅनेजर, मावशी, मी आणि ती.

नाना म्हणाले, "मी बोलावतो त्याला. चहा पाजतो, समजूत घालतो. माझ्या शब्दाभाईर न्हाई त्यो."

मावशी म्हणाली, "नाना, चहा पाजून पाजून तर त्यो एवढा झालाय."

मॅनेजरनी मग कागद पुढं केला. त्यांनी खरंच विचार केला होता. नांदूरघाटला आमचं संकलन केंद्र आहे. तिची बदली तिकडं करायची. पगार तोच, राहायला खोली, आणि तलवाड्याच्या गाडीचा तिकडं संबंध नाही. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, खरं सांगते. नाना सुटल्यासारखे खुर्चीत मागं रेलले.

ती म्हणाली, "मी का म्हनून जाऊ?"

"तुझ्याच भल्यासाठी," मॅनेजर म्हणाले.

"लेकराची शाळा हितं. कोर्ट हितं. आत्या हितं. नांदूरघाटला मला वळखतंय कोन? हितं निदान मावशी डबा घेऊन उतरत्यात. मारलं त्यांनी, आन् गाव मी सोडायचं?"

नाना हळूच म्हणाले, "पर पोरी, तलवाड्याचा रूट त्याच्या हातात हाय. लई दूध येतंय तिकडून."

"मला ठावं हाय किती येतंय. मीच तपासते की."

मला त्या क्षणी हसू फुटलं, आणि ते मी खोकल्यात लपवलं. नानांनी माझ्याकडे रागानं पाहिलं. मग तिच्याकडे वळून त्यांनी जे विचारलं, ते आमच्यापैकी कुणीच इतके दिवस विचारलं नव्हतं. आम्ही तिच्यासाठी मंडप घातला होता, बदली शोधली होती, कीव केली होती. विचारायचं तेवढं राहिलं होतं.

"मंग तुला काय पायजे?"

उत्तर तिच्याकडे तयार होतं. बहुतेक कोल्ड रूममध्ये उभं राहून तयार केलेलं.

"त्यांची गाडी गेटच्या आत नको. त्यांचा फोन आला, कुनाच्या बी नवऱ्याचा आला, तर कुनी काय सांगायचं न्हाई, आली का गेली. आन् कोर्टाची तारीख आसली का सुट्टी पायजे, समद्यांम्होरं कारन न विचारता. बाकी, लगीन मोडायचं का जोडायचं ते माझं मी बघते. त्यात तुमी पडू नका."

नाना म्हणाले, "उद्या सांगतो."

त्या 'उद्या'वर सगळं अडकलं होतं. नानांनी 'नाही' म्हटलं, तर तिला काम सोडावं लागणार होतं, हे उघड होतं. काम सुटलं की आत्याच्या घरात खाणारी दोन तोंडं, आणि मग एक दिवस वडील येऊन तिला परत पोचवणार. मार खाणाऱ्या बाईची नोकरी गेली, की परतीचा रस्ता एकच उरतो, हे कळायला कायदा वाचायला लागत नाही. दुसऱ्या पारड्यात तलवाड्याचं दूध, आणि दाजींचा चुलता, ज्याच्या एका शब्दावर तिकडचा अर्धा भाग मत टाकतो. नानांनाही निवडणुका लढवायच्या असतात. मी नानांच्या जागी असते तर काय केलं असतं, हा प्रश्न मी संध्याकाळी घरी जाताना जीपमध्ये स्वतःला विचारला आणि लगेच खिडकीबाहेर बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उतरलो, तर गेटवर वॉचमनच्या शेजारी नाना उभे. पांढरा सदरा, तोंडात काही नाही, हातात काही नाही. मी टोपी घालायच्या निमित्तानं हॉलच्या दारात रेंगाळले. माझ्यामागं सगळा हॉल रेंगाळला.

तलवाड्याची गाडी आली. दाजींनी हॉर्न दिला. गेट उघडलं नाही.

"नाना, उघडा की!"

"गाडी हितंच ऱ्हाऊ दे."

दाजींना ती गंमत वाटली. काचेवर बोट मारत म्हणाले, "आदर्श पतीला आडवता व्हय?"

नाना चालत गाडीजवळ गेले. "त्यो फोटू काढ आदी. त्यात मी बी हाय."

दाजींचं हसू गेलं. आवाज चढला. बायकोनं कान भरले, घरातलं घरात, तुम्हाला काय करायचंय, आणि शेवटी मुद्द्याचं, "दूध नासंल उन्हात! शेतकऱ्यांचं दूध हाय, माझं न्हाई!"

हे खरं होतं. नानांनी गाडीतल्या कॅनकडे पाहिलं. मग मागं वळले आणि हॉलकडे बघून ओरडले, "आक्का, बाया घेऊन या!"

आणि मग जे झालं, ते मी मरेपर्यंत रंगवून सांगणार आहे. पॅकिंगच्या सगळ्या बाया, डोक्याला जाळीच्या टोप्या, अंगात पांढरे कोट, गेटबाहेर गेल्या. एका कॅनला दोघी, एकीनं एक कान धरायचा, दुसरीनं दुसरा. मी आणि मावशी पहिल्या कॅनला. भरलेला कॅन काय जड असतो, हे मला त्या दिवशी कळलं. तोपर्यंत मी फक्त सह्या करायची. दाजी गाडीला टेकून बघत राहिले. त्यांच्या गाडीतून दूध एकेक कॅननं आत चाललं होतं आणि त्यांना गेट ओलांडता येत नव्हतं. बाकीचे ड्रायव्हर ओट्यावर उभे राहून बघत होते. त्यांच्यातला एकही पुढं आला नाही, ना त्याच्या मदतीला, ना आमच्या.

ती लॅबमध्येच होती. बाहेर आली नाही. सॅम्पल आलं, तिनं तपासलं, आकडा सांगितला. दूध चांगलं होतं. तलवाड्याच्या म्हशींचं काही चुकलं नव्हतं.

इथं पडदा टाकला असता तर छान झालं असतं. पण नाना अखेर नानाच. दाजींची गाडी बंद झाली तसं तलवाड्याचं दूध दुसऱ्या डेअरीला जायला लागलं आणि दाजींचा चुलता गोड बोलायला येऊन बसायला लागला. "झालं की नाना, जिरली त्याची. पोरगं हाय, घ्या परत." नाना विरघळायला लागले. एकदा ते लॅबच्या दाराशी येऊन तिला म्हणाले, "मी हाय ना पोरी. माझा शब्द हाय. त्यो आता तसा वागनार न्हाई."

मी तिथंच होते. ती बाटल्या पुसत म्हणाली, "नाना, तुमी लई उपकार केले. पर उद्या तुमचं मन बदललं तर? तुमच्या जागी तुमचा पोरगा बसला तर? मला शब्द नको. नियम पायजे. आन् तो नुसता माझ्यासाठी नको."

उपकार नको म्हणणारं माणूस नानांना बहुतेक पहिल्यांदा भेटलं होतं.

त्यानंतर मी बरंच मनात घोळवलं आहे. आमच्यासारख्या ठिकाणी मालकाला दोनच गोष्टी येतात. एक तर 'घरातलं घरात' म्हणून तोंड फिरवायचं, नाही तर घराचा कर्ता बनून संसार सांधायला बसायचं. दोन्हीत बाई परत त्याच दारात जाऊन उभी राहते. संसार मालकाच्या हातात नसतो. पण त्याचं गेट त्याच्या हातात असतं, त्याचा फोन, त्याची जीप, त्याच्या ड्यूटीच्या वेळा, कुणाला कंत्राट द्यायचं ते, आणि सकाळी कुणाला खुर्ची द्यायची तेही. तेवढं नीट सांभाळलं तरी दिवसातले काही तास बाईच्या मालकीचे होतात. तिथं उभं राहून ती पुढचं ठरवू शकते. आणि तिनं काहीही ठरवलं तरी तिचं काम जाता कामा नये. मध्येच एकदा ती लेकराच्या हट्टापायी सासरी सणाला जाऊन आली, तेव्हा हॉलमधल्या बाया तिच्यावर चिडल्या, "एवढे कॅन उचलले आमी, कुनासाठी?" मावशीनं सगळ्यांना गप्प केलं. "आपून कॅन उचलले. ती इकत न्हाई घेतली."

नोटीस बोर्डावरचा मनुष्यबळ विभाग उतरला. नानांचा होकार घेऊन आम्ही नवा कागद लिहिला, आम्हाला वाचता येईल असा. फोनचं लिहिलं, सुट्टीचं लिहिलं, गेटचं लिहिलं. बदली बाईनं मागितली तरच, असं लिहिलं. अंतर्गत समितीवर जुन्या मॅडमच्या जागी खरोखर हयात आणि हजर असलेली माणसं आली. शेवटच्या कलमावर मात्र नाना आणि मॅनेजर बराच वेळ अडले. मारणारा आपल्याकडेच कामाला असला तर? ती म्हणाली, तेच तर लिहायचंय. वकीलबाईंना विचारून, शहानिशा कुणी करायची ते ठरवून, ते कलम लिहिलं गेलं.

सकाळी सगळ्या गाड्या ओट्याला लागल्या असताना नानांनी ते स्वतः वाचून दाखवलं. माइक नाही, हार नाही. "घरात बाईमानसाला मारनारा आपल्याकडं कामाला आसला, गाडीवर आसला, तर शहानिशा करून त्याचं काम बंद. कोन कुनाचा पाव्हना हाय ते बगितलं जानार न्हाई."

ओट्यावर इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. बॉयलरची शिट्टीसुद्धा उद्धट वाटली. काही जण चपलांकडे बघत होते, काही जण कॅनच्या झाकणांकडे. कोण कुठं बघतंय, हे आम्ही बाया हॉलच्या दारातून नीट बघून घेत होतो. त्या सकाळी मला जेवढं कळलं, तेवढं कुठल्याही अर्जातून कळलं नसतं.

एका ड्रायव्हरनं शेवटी धीर केला. "नाना, रागाच्या भरात एकांदी चापट तर कुनाच्या बी हातून जाती. ती बी धरनार का?"

नानांनी मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजरनी कागदाकडे पाहिलं. कागदावर तसं काही लिहिलेलं नव्हतं.

लॅबची खिडकी उघडी होती. आतून तिचा तो बारीक आवाज आला.

"धरायची." आणि मग, "म्होरली गाडी कुनाची? सॅम्पल आना."

पुढची गाडी त्या चापट विचारणाऱ्या ड्रायव्हरचीच होती. तो बाटली घेऊन खिडकीशी गेला आणि आकडा ऐकेपर्यंत बाहेरच उभा राहिला.